हुमचा माळ

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जैसलमेरला गेलो होतो, तेव्हा लेकीनं तिथून आप्पांना फोन लावला. राष्ट्रीय मरू उद्यानात सुदासरी म्हणून जागा आहे, तिथल्या कुंपणाशी आम्ही सकाळी उभे होतो. वाळवंट म्हणजे वाळूच्या लाटा, अशी मुलांची समजूत होती. इथं तर समोर नुसतं गवत. सेवण गवताचे झुबके, मधे कडक जमीन, लांबवर एखादं खेजडीचं झाड. आणि त्या गवतातून दोन थोराड पक्षी मान ताठ ठेवून, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत चालले होते. मीटरभर उंची, पांढरी मान, माथ्यावर काळी टोपी.

"आप्पा, केवढा मोठा पक्षी आहे माहितीये का? इथं त्याला गोडावण म्हणतात!"

फोन स्पीकरवर होता. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग आप्पा म्हणाले, "टोपी काळी हाय का? अगं, मग हुमच की त्यो. आपल्या माळावर होता." आणि लगेच, "जेवलाव का सगळे?"

माझं वय बेचाळीस. आप्पांच्या तोंडून मी बहात्तरचा दुष्काळ ऐकलाय, गिरणीचा भोंगा ऐकलाय, यंत्रमागावरच्या रात्रपाळ्या ऐकल्यात. हुम मात्र कधीच ऐकला नव्हता. पुस्तकात ज्याला माळढोक म्हणतात, ज्याच्या नावाचं अभयारण्य आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे, तो पक्षी माझ्या वडिलांनी लहानपणी गुरं-शेरडं राखताना येता-जाता बघितलेला. आणि हे मला कळलं ते राजस्थानातल्या एका कुंपणाशी उभं राहून. मला फार लागलं ते. त्यांनी सांगितलं नाही असं नव्हतं, मी कधी विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर लेकीनं ठरवूनच टाकलं. आप्पांचा माळ बघायचा, आणि तोही चालत.

संक्रांत झाली, आमच्या सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक झाली, गड्ड्याच्या जत्रेत मुलांचे पाळणे बसून झाले, आणि त्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक, पाच वर्षांचा धाकटा, आई आणि आप्पा. आप्पांनी आदल्या रात्रीच नातीला बजावलं होतं, "हुम दिसायचा न्हाई बरं का. त्याच्यासाठी येत असशील तर येऊ नको. माळासाठी येत असशील तर चल." ती म्हणाली, माळासाठी येते. तेव्हा पक्षी दिसेल की नाही ही धाकधूक आमच्या त्या सकाळीत नव्हतीच, आणि त्यामुळे बाकी सगळं नीट बघून झालं, असं मला आता वाटतं.

बार्शी रोडनं वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज लागतं. द्राक्षवाल्यांना या गावाचं नाव वेगळ्या कारणानं ठाऊक असतं: 'सोनाका' ही लांबट मण्याची जात याच गावच्या नानासाहेब काळ्यांनी शोधली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजूनही मांडवावर बागा लटकलेल्या दिसतात. आप्पा खिडकीतून बघत होते आणि मधेच म्हणत होते, "हितं माळ होता. हितंबी माळच होता." मांडवाखालचं हिरवं बघून मला आनंद होतो, इथल्या माणसानं खडकातून काढलेली ही समृद्धी आहे. पण त्या दिवशी आप्पांच्या बोटामागून बघताना एकाच जमिनीवर दोन गोष्टी दिसत होत्या, एक आत्ताची, एक त्यांची.

आमच्या चुलत भावाचं शेत अभयारण्याच्या हद्दीला लागून आहे. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती वहिनीपाशी बांधावर थांबली. आम्हाला घेऊन जायला गावातलेच एक दादा आले होते, वन विभागाच्या कामावर रोजंदारीनं राखण करतात. परवानगीचं त्यांनी आधीच बघितलं होतं. "गाडीवाटेनंच चालायचं, गवतात पाय टाकायचा न्हाई," एवढीच त्यांची अट. जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर. चढ म्हणावा असा नाहीच, माळाला जेवढा उतार असतो तेवढाच. माझ्या धाकट्यानं ती सगळी वाट स्वतःच्या पायानं केली, कडेवर घे म्हणाला नाही, आणि हे मी आवर्जून लिहिते, कारण जिन्याचे दोन मजले चढताना तो हमखास म्हणतो.

पहिल्या शंभर पावलांत मला काहीच दिसलं नाही. खरंच सांगते. पिवळं गवत, मुरूम, वर आभाळ. शाळेच्या सहलीला बस अशा माळांशेजारून जायची तेव्हा बाई म्हणायच्या, "हा सगळा ओसाड भाग आहे." ओसाड हा शब्द माझ्या डोळ्यांवर इतका पक्का बसलेला की गवत गवतासारखंही दिसेना. महसुलाच्या भाषेत अशा जमिनीला पडीक म्हणतात. पडलेली. जिथून शेतसारा येत नाही ती पडीक, हे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं गणित आहे, आणि एकदा पडीक म्हटलं की तिथं काहीही करायला माणूस मोकळा होतो: नांगरा, झाडं लावा, शेड उभारा, तारा ओढा. जी जमीन रिकामी आहे असं आपण ठरवलंय, तिच्यावर कुणी आधीपासून राहतंय का हे बघायला कोण जातो?

धाकटा मात्र पहिल्या पावलापासून बघत होता. गवत त्याच्या हनुवटीला लागत होतं. त्याला वाटेवर मुंग्यांचं घर सापडलं, भोकाभोवती सोललेल्या गवतबियांच्या टरफलांचं गोल कडं, जणू जात्याभोवती पडलेला कोंडा. मुंग्या आत बी नेत होत्या आणि टरफल बाहेर आणून टाकत होत्या. तो तिथं उकिडवा बसला तो उठेचना. आप्पाही त्याच्या शेजारी बसले. नवरा घड्याळ बघायला लागला, तेव्हा दादा म्हणाले, "बसू द्या की साहेब. माळ बसूनच बघायचा असतो."

पुढे लेक एकदम ओरडली. तिच्या मोज्यांत कुसळं घुसली होती, दोन्ही पायांना वीस-पंचवीस तरी. ती रडकुंडीला आली. आप्पांनी तिला एका दगडावर बसवलं, एक कुसळ उपसून काढलं आणि तळहातावर ठेवलं. खाली सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले तांबूस बारीक केस, आणि वर बोटाच्या दोन पेरांएवढी काळी शेपटी, मधे वाकलेली, दोरीसारखा पीळ पडलेली. "आता बघ हां," म्हणून त्यांनी बोट जिभेला लावून शेपटी ओली केली.

क्षणभर काही नाही. मग ती शेपटी हलली. आधी जराशी, मग सावकाश गोल, घड्याळाच्या काट्यासारखी, पीळ सोडत. बी तळहातावर स्वतःभोवती फिरायला लागलं. लेक रडणं विसरली. "जिवंत आहे?"

जिवंत नाही. ओल लागली की त्या शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो. रात्री दव, दिवसा ऊन. पीळ सुटतो, पडतो, सुटतो, आणि बी स्क्रूसारखं फिरत फिरत मातीत शिरतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. पाऊस येईपर्यंत ते कठीण जमिनीत स्वतःला पेरून बसलेलं असतं. नांगर नाही, तिफण नाही, पेरणारा हात नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण मी हजारदा वापरली असेल. कुसळ म्हणजे काय ते मी बेचाळिसाव्या वर्षी, वडिलांच्या तळहातावर बघितलं. त्या तळहातावर मागाच्या धाग्यानं पडलेले जुने काप आहेत. त्या कापांमधून ते बी फिरत होतं.

मग लेकीनं सगळी कुसळं स्वतः उपसली, एक-एक ओलं करून बघितलं आणि रुमालात बांधून घेतली.

दादांना गवतांची नावं येत होती. ही कुसळी, हा पवना, हे मारवेल. मारवेल जनावरांना सगळ्यात आवडतं, दुधाला चांगलं. कुसळी कोवळी असतानाच चारायची, कुसळं आली की शेरडांच्या तोंडाला टोचतात. मला इतके दिवस जे 'गवत' होतं त्याला घरातल्या माणसांसारखी स्वभावासकट नावं होती. मधे मधे हिवराची झाडं, बोरी, आणि दसऱ्यानंतरही थोडी पिवळी फुलं धरून राहिलेली तरवडाची झुडपं.

काळविटं दिसली ती अशीच, बोलता बोलता. आधी माद्या, मातकट रंगाच्या, गवतातच मिसळून गेलेल्या. मग एक नर मान वर करून उभा राहिला, पाठ काळीभोर, पोट पांढरं, शिंगांना मळसूत्री पीळ. आमच्याकडे बघून कळप पळाला नाही, चालायला लागला, आणि मग एकीनं उगाच हवेत उडी घेतली, तिच्यामागे दुसरीनं, तिच्यामागे तिसरीनं. वाटेवर एका जागी लेंड्यांचा मोठा ढीग होता. धाकट्यानं नाक दाबलं. दादा म्हणाले, हा नराचा बांध, तो रोज तिथंच येऊन टाकतो, म्हणजे दुसऱ्या नराला कळतं की हे रान कुणाचं. आमच्या चुलत भावाचाही बांध तिथून दोनशे पावलांवर आहे आणि त्याची हरभऱ्याची रानं ही काळविटं रात्री उतरून खातात. भाऊ परत आल्यावर म्हणाला, "तुम्ही बघायला येताव ताई, रात्रीची राखण आम्ही करताव." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. जंगली जनावराची हौस शहरातल्या माणसाला फुकटात पडते, त्याची किंमत बांधावर मोजली जाते, हे कुणीही माळाबद्दल चार शब्द लिहिणाऱ्यानं विसरू नये असं मला वाटतं.

आमच्या भागातल्या लोकांचं आणि या पक्ष्याचं तर मधे वाकडंच आलं होतं. १९७९ साली माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं ते सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावं, शेतं, रस्ते, सगळं त्यात. एवढं कुंपण कागदावरच पडू शकतं. जमिनीची कामं अडली की माणसं पक्ष्याच्या नावानं बोटं मोडायची. पुढे हे क्षेत्र घटवून साधारण १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आलं. पण तोवर माळढोक हे एका पक्ष्याचं नाव न राहता अडचणीचं नाव झालं होतं. आप्पा त्याला हुम म्हणतात, ते मला म्हणूनच बरं वाटतं. त्या नावाला अजून कुणी काही चिकटवलेलं नाही.

हुम हे त्याच्या हाकेचं नाव. कुठे कुठे त्याला गगनभेरही म्हणतात, तेही हाकेवरूनच. पावसाळ्याच्या सुमाराला नर गळ्याखालची पिशवी हवेनं भरतो, ती फुगून पार पायांपर्यंत लोंबते, शेपूट पाठीवर उभारतो आणि त्या पिशवीतून आवाज काढतो. नर वजनाला पंधरा किलोपर्यंत भरतो, उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात जड पक्ष्यांत त्याची गणती आहे.

"मिरीग बरसला की," आप्पा सांगत होते, "पहाटे हाक यायची. दिसायचा न्हाई, नुसती हाक. आमची म्हातारी चुलीपाशी बसून म्हणायची, बोलला बघा, आता पेरायला हरकत न्हाई."

"कशी हाक? करून दाखवा ना आप्पा."

आप्पा थांबले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि हूऽऽ केलं. खोकला आला. पुन्हा केलं. मान हलवून म्हणाले, "न्हाई निघत. गळा राहिला न्हाई तसला. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोललं की कसं घुमतं, तसं यायचं बघ ते. पोटातनं."

मग ते आपणहून अंड्याची गोष्ट सांगायला लागले. आठ-नऊ वर्षांचे असताना शेरडांमागे फिरताना त्यांना उघड्या मुरमावर एक अंडं दिसलं. घरटं नाही, काडी नाही, नुसतं जमिनीवर एकच अंडं, हिरवट तपकिरी, ठिपक्यांचं, मुरमासारखंच. पायाखाली यायचंच राहिलं होतं. ते घरी पळत गेले. आजीनं बजावलं, हात लावू नको, ती बाई वर्षाला एकच घालती. दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी शेरडं लांबून वळवली, जवळजवळ महिनाभर. एक दिवस अंडं नव्हतं, टरफलं होती.

वर्षाला एक अंडं, महिनाभर उघड्या जमिनीवर. कुत्रं, कावळा, मुंगूस, ट्रॅक्टर, काहीही यायचं बाकी असतं. दादा गवतात पाय टाकू देत नव्हते ते याचसाठी. हुम नसला तरी टिटवी आहे, चंडोल आहेत, धाविक आहे, हे सगळे जमिनीवरच संसार मांडणारे.

आणि मग आप्पांनी जे सांगितलं ते त्यांनी सांगितलं नसतं तरी मला चाललं असतं, पण ते म्हणाले म्हणून लिहिते. बहात्तरला ते सोळा वर्षांचे होते. खडी फोडायच्या कामावर जायचे. सरकारी सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, त्यावर घर चालत होतं. एका संध्याकाळी वस्तीवर कुणीतरी मारलेला हुम आणला. सात घरांत वाटे झाले.

"आम्हीबी खाल्ला," आप्पा म्हणाले.

लेक काही बोलली नाही. बरंच अंतर ती गप्प चालली. मग तिनं आप्पांचं बोट धरलं. "भूक लागली होती ना?" तिनं विचारलं. आप्पांनी उत्तर दिलं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा झाला तोही त्याच वर्षी, १९७२ साली, हे माझ्या मनात आलं. पण त्या खडीच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ते कुणी सांगितलं असतं, आणि सांगून काय झालं असतं?

दुष्काळानंतर एक मात्र चांगलं झालं. अवर्षणप्रवण भागांसाठीच्या कार्यक्रमातून नान्नजच्या माळाचे काही तुकडे चराईला बंद केले गेले आणि गवत वाढू दिलं गेलं. हेतू चाऱ्याचा होता. पण गवत आलं तसा हुमही तिथं टिकला, लांबलांबून पक्षी बघणारे यायला लागले. डॉ. सालिम अली या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करा म्हणत होते; १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोराला मिळाला ते ठीकच, पण हुमाला मिळाला असता तर माळाला पडीक म्हणायला आपण कचरलो असतो, असं मला राहून राहून वाटतं.

त्यानंतरची गोष्ट उतरणीची आहे. उजनीचं पाणी आलं, ऊस आला, बागा आल्या, माळ तुकड्या-तुकड्यांत फाटला. मोकळ्या माळावर गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली, सावली पडली, गवत मागे हटलं. हुमाला लांबवर नजर जाणारी उघडी जागा लागते, झाडी नाही. आणि विजेच्या तारा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचं त्याला फार थोडं दिसतं. एवढं वजन घेऊन उडताना तार जवळ आल्यावर दिसली तरी वळता येत नाही. राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखालून न्याव्यात का, यावर २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयात वाद चालला. देशात आता दीडशेच्या आतबाहेर पक्षी उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेरच्या बाजूला. तिथल्या प्रजनन केंद्रात २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. दिवाळीत आम्ही बघितलेल्या त्या दोन पक्ष्यांकडे मी पुन्हा वळून बघितलं असतं, हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर.

परतताना धुळीत पाऊलखुणा दिसल्या. चार बोटं, पुढे नखांचे ठिपके. नवरा म्हणाला कुत्रं असेल. आप्पा वाकले. "कुत्रं असं जातं व्हय?" कुत्रं भिरभिर करत, हुंगत, वाकडंतिकडं जातं. हे पाऊल सरळ एका रेषेत गेलं होतं, मोठं होतं, आणि कुठंही रेंगाळलं नव्हतं. लांडगा, दादांनी मान डोलावली, पहाटे गेलाय. धाकटा माझ्या ओढणीत शिरला. आप्पा त्याला म्हणाले, "घाबरू नको. त्यो माणसाला बघून वाट सोडतो. आमचं कोकरू नेलं एकदा त्यानं. म्हातारी म्हणाली, त्याचा वाटा त्यानं नेला." धाकट्यानं आपलं पाऊल त्या पावलाशेजारी धुळीत उमटवून बघितलं. त्याचं मोठं निघालं, तेव्हा तो निश्चिंत झाला.

गवतावरून अगदी खाली, पंख उंचावून, एक भोवत्या तरंगत गेला. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून, कझाकस्तानच्या बाजूनं ही शिकारी पाखरं हिवाळ्यात इथं येतात, दिवसभर टोळ-नाकतोडे खातात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच जमिनीवर झोपतात. हजारो किलोमीटर उडून ज्यानं हा माळ शोधून काढला, त्याला तो ओसाड वाटला नसणार. दादा म्हणाले, एप्रिलात या, तेव्हा सरडे बघण्यासारखे असतात. नर दगडावर चढून गळ्याखालचा रंगीत पंखा उघडतात. लेकीला मी तिथंच सांगितलं की अशा पंख्यावाल्या सरड्यांच्या एका गटाला २०१६ साली शास्त्रज्ञांनी 'सरडा' हेच शास्त्रीय नाव दिलंय, आपला मराठी शब्द. तिला त्याचा केवढा अभिमान वाटला. पण सोलापूरच्या एप्रिलात लहान मुलांना घेऊन मी तरी जाणार नाही. कुणाला जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि उजाडताना पाय माळावर असायला हवा. दहानंतर जनावर सावलीला जातं आणि मुलं किरकिर करतात. पूर्ण पायजमा, टोपी, माणशी लिटरभर पाणी. गाणी, ड्रोन, कुत्रा, काही नको. परवानगी घ्या आणि गावातलंच माणूस बरोबर घ्या. त्याला दोन पैसे मिळतात आणि तुम्हाला गवताची नावं.

बांधावर पोचलो तर गोवऱ्यांची आगटी पेटली होती. भावानं हुरड्यासाठी गूळभेंडी ज्वारीच्या चार ओळी बांधाकडेला राखल्या होत्या, बाकी सगळं रान मालदांडी. वहिनी भाजलेलं कणीस तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, आणि गरम हिरवे दाणे मुलांच्या ओंजळीत टाकायची. शेंगाची चटणी, गूळ, दही. आईनं विचारलं, काय दिसलं? धाकट्यानं मुंग्यांपासून सुरुवात केली. सगळं सांगून होईपर्यंत आगटी विझत आली होती. लेकीनं रुमाल उघडून एक कुसळ आजीच्या तळहातावर ठेवलं आणि बोट जिभेला लावलं.

घरी आलो तेव्हा चार वाजले होते. आप्पा दिवाणावर आडवे झाले. मी चहा टाकला. तेवढ्यात मागच्या मोरीकडून एक चमत्कारिक आवाज आला. जाऊन बघितलं तर लेक पालथा घातलेला उन्हाळ्यातला माठ सरळ करून त्यात तोंड घालून बसली होती.

"हूऽऽम."

बाहेरच्या खोलीतून आप्पांचा आवाज आला. "अजून खालनं. पोटातनं."

तिनं श्वास भरून घेतला, दोन्ही हातांनी माठ धरला. "हूऽऽऽम." या वेळी मोरीच्या फरशीत घुमलं. मी चहाचं भांडं घेऊन दारात उभी होते. आप्पा उठून बसले होते, डोळे मिटलेले.

"आता लांबनं," ते म्हणाले.

लेकीनं माठ पोटाशी धरला आणि जिना चढून गच्चीवर गेली.